दूर राहणे आणि दूर लोटणे



साथीच्या रोगात म्हाताऱ्या माणसांपासून अंतर राखा, असे डॉक्टर सांगतात. हे सांगणे शास्त्राला धरून आहे आणि ते ऐकलेच पाहिजे. परंतु तोच शब्द आपल्या वस्तीत येतो तेव्हा तो एकटा येत नाही. ‘शिवू नका’, ‘लांबून वाढा’, ‘भांडे वेगळे ठेवा’ हे बोल आपल्या वाडवडिलांनी पूर्वीही ऐकले आहेत, आणि ते कोणत्याही रोगापायी ऐकलेले नाहीत. ज्या आजोबांच्या ओंजळीत एके काळी वरून पाणी ओतले गेले, त्यांच्यापुढे आज नातवाने ताट उंबऱ्याआत सरकवले आणि एक शब्दही न बोलता तो निघून गेला, तर त्या आजोबांच्या मनात काय येईल? ही दोन्ही अंतरे एकच आहेत काय? नसतील तर फरक नेमका कशात आहे? नातू म्हणेल, मी तर त्यांच्या भल्यासाठीच केले. पण विटाळ पाळणारेही आपण धर्म पाळतो आहोत असेच म्हणत होते. तेव्हा नुसत्या हेतूच्या ग्वाहीवर हा प्रश्न सुटत नाही.

आपल्या धाराशिव जिल्ह्याकडेच पाहा. २०२० साली त्याचे नाव उस्मानाबाद होते. हा पडत्या पावसाला पारखा झालेला जिल्हा. नीती आयोगाने देशातील मागे राहिलेले म्हणून जे ‘आकांक्षित’ जिल्हे निवडले, त्यांत महाराष्ट्राचे चार आहेत आणि त्यांपैकी हा एक. भूम, परंडा, वाशी, कळंब या तालुक्यांतून दिवाळीच्या आगेमागे टोळ्या ऊसतोडीला निघतात. नवराबायकोचा एक कोयता, मुकादमाची उचल, आणि पुढचे पाचसहा महिने कारखान्याच्या फडावर. घरी कोण राहते? म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी पोरे. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली तेव्हा हजारो कोयते फडावरच अडकले. एप्रिलच्या मध्यानंतर सरकारने त्यांना गावी परतण्याची परवानगी दिली, आणि मग गावोगावी एकच पेच उभा राहिला. बाहेरून आलेला मुलगा, घरात सत्तरीची आई, आणि पत्र्याची एकच खोली. कोणी कोणापासून लांब राहावयाचे?

बऱ्याच ठिकाणी परतलेल्यांना चौदा दिवस शाळेत किंवा रानात थांबवले गेले. त्यामागे शहाणपण किती आणि धास्ती किती, याचा हिशोब वेगळा. पण त्यात एक न्याय दडलेला होता, तो आपण उचलला पाहिजे. ज्याच्यापासून धोका आहे त्याने अंतराचा त्रास सोसावा. मुलगा रानात झोपला, आई आपल्या घरात, आपल्या बाजेवर, आपल्या चुलीजवळ राहिली, तर तो मुलगा आईला जपतो आहे. मुलगा आणि सून घरात राहिली आणि आईची बाज गोठ्याकडे सरकली, तर रोगाचे कारण पुढे करून घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसाची जागा काढून घेतली गेली. दोन्हीकडे अंतर तेवढेच भरेल, टेप लावून मोजा पाहिजे तर!

आपल्या जुन्या माणसांना मरीआईचा गाडा आठवत असेल. पटकीची साथ आली की गाव देवीचा कोप मानीत असे, गाडा सजवीत असे, आणि गावाची पीडा शिवेबाहेर नेऊन सोडीत असे. शिवेच्या बाहेर कोण राहत होते, हे तुम्हाला सांगावयास नको. म्हणजे साथीवरचा गावाचा उपाय एकच होता : आपल्यावरचे संकट आपल्याहून खालच्याच्या दारात ढकलणे. पटकीचे जंतू दूषित पाण्यातून येतात, हे समजल्यावर त्या गाड्याची गरजच उरली नाही. परंतु ढकलण्याची वृत्ती गाड्याबरोबर गेली, असे मानण्याचे कारण नाही. २०२० मध्येही कोठे कोठे साथीची देवी मांडून तिला नैवेद्य दाखवल्याच्या बातम्या आल्या. तुम्ही देव्हारे सोडले आहेत, तेव्हा हे तुम्ही करणार नाही. मात्र घरातल्या घरात एखाद्याला ‘शिवेबाहेर’ करण्याचा जुना डाव देव्हाऱ्यावाचूनही खेळता येतो, हे लक्षात असू द्या.

सक्तीच्या अंतराने काय होते, तेही आपल्या महाराष्ट्राने पाहिले आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या वेळी घरात शिरून रोग्यांना उचलून छावण्यांत नेले जाऊ लागले. परिणाम असा झाला की, लोक रोगी लपवू लागले. कोरोनाच्या काळात अनेक म्हाताऱ्यांनी अंगातला ताप लपवला, त्याचे कारण याहून निराळे नव्हते. ‘नेतील आणि मग मला कोणी दिसणार नाही’ ही ती भीती. माणसाला आजारापेक्षा एकटे मरण्याचे भय जास्त असते. ज्या घरात म्हातारे माणूस आपला आजार मोकळेपणाने सांगू शकत नाही, त्या घरात तपासणीची यंत्रे आणून ठेवली तरी उशीरच होणार.

येथे विनयपिटकातील महावग्गामधली एक घटना मुद्दाम सांगितली पाहिजे. एका भिक्खूला अतिसार झाला होता आणि तो आपल्याच घाणीत पडलेला होता. तथागत आनंदासह विहारांची पाहणी करीत तेथे आले. तुझी शुश्रूषा कोणी का करीत नाही, असे त्यांनी विचारले. तो म्हणाला, मी इतरांच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझ्याकडे पाहत नाहीत. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले, आणि एकाने डोक्याकडून व एकाने पायाकडून धरून दोघांनी त्याला उचलून मंचकावर निजवले. मग संघाला बोलावून त्यांनी समज दिली की, येथे तुमचे आईबाप नाहीत. तुम्हीच एकमेकांकडे पाहिले नाही तर कोण पाहील? आणि आजाऱ्याची सेवा ही माझीच सेवा आहे, असेही ते म्हणाले.

त्या रोग्याचे उत्तर पुन्हा वाचा. मी कोणाच्या उपयोगी नाही, म्हणून मला कोणी नाही. आज तुमच्या घरातली म्हातारी हेच मनात म्हणत असेल. तिचे हात खुरपणीला चालत नाहीत, दळण उचलवत नाही, म्हणून आपले औषधपाणी म्हणजे घरावर भार, असे तिला वाटते. तथागतांनी त्या भिक्खूला उपयोगी ठरवण्याचा प्रयत्न केला नाही. त्याचे अंग धुतले. माणसाची किंमत त्याच्या कामावरून करणे ही तर ज्या समाजरचनेतून आपण बाहेर पडलो तिची रीत. आणि आणखी एक गोष्ट. त्या रचनेत घाण काढणे, अंग धुणे ही हलकी कामे, म्हणून ती खालच्या वर्णाच्या माथी. शाक्यकुळात जन्मलेल्या तथागतांनी ते काम दुसऱ्यावर सोपवले नाही. मग आपल्या घरांत वडिलांची सेवा म्हटले की ती एकट्या सुनेच्या गळ्यात का पडते? दिवसभर विहाराच्या ओट्यावर समतेवर बोलणाऱ्या किती पुरुषांनी बापाचे मळलेले धोतर स्वतः धुतले असेल? हे जरा कडू आहे, पण विचारणे भाग आहे.

त्याच ठिकाणी तथागतांनी शुश्रूषा करणाऱ्याचे आणि रोग्याचेही गुण सांगितले आहेत. सेवकाला औषध तयार करता यावे, पथ्य काय आणि कुपथ्य काय हे कळावे, मलमूत्र-ओकारीचा किळस नसावा, लोभापोटी नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, आणि धम्माच्या चार गोष्टी सांगून रोग्याला धीर द्यावा. रोग्याने पथ्य पाळावे, मात्रा ओळखावी, औषध घ्यावे, दुखणे सोसावे, आणि आजार आहे तसा, वाढला की वाढला, उतरला की उतरला, असा खरा सांगावा. आईवडिलांनो, हा शेवटचा गुण तुमच्यासाठी आहे. पोरांना त्रास नको म्हणून दुखणे गिळणे यात मोठेपण नाही.

सेवकाचे ज्ञान हे आजच्या काळात म्हणजे काय, तेही पाहू. म्हातारपणी शरीराची रोगाशी लढण्याची ताकद उतरते, शिवाय लढाईच्या खुणाही बदलतात. तरुणाला सणकून ताप भरेल. म्हाताऱ्याला ताप येईलच असे नाही. अन्नावरची वासना उडणे, एकाएकी भ्रमिष्टासारखे बोलणे, तोल जाऊन पडणे, दिवसभर गुंगीत राहणे, ही आजाराची पहिली खूण असू शकते. ‘वयामुळे होते’ म्हणून सोडून देऊ नका. कोरोनात तर दम न लागताही रक्तातला प्राणवायू घटत असे; बोटाला लावावयाच्या यंत्रावर आकडा खाली आला तर दवाखाना गाठावयाचा, हे आशाताई १५ सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत दारोदार सांगत होत्या. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या साथीत बंद पडल्या, तर साथीचा रोग न होताही माणूस जाऊ शकतो. तेव्हा महिन्याची औषधे आधी आणून ठेवावी. बाजेवर पडून राहिल्याने म्हाताऱ्यांच्या पायातले बळ आठवड्या-दोन आठवड्यांत उतरते. अंगणात, गर्दी नसेल तेव्हा, सकाळचे ऊन अंगावर घेत चार फेऱ्या घालू द्या. भाकरी चावत नसेल तर ती वरणात किंवा दुधात कुस्करून द्या. लघवीला उठावे लागते म्हणून म्हातारी माणसे पाणीच कमी पितात, त्यावर नजर ठेवा.

आणि एकच खोली असेल तर? शहरातल्या लेखकांना ‘स्वतंत्र खोली व स्वतंत्र शौचालय’ असे लिहिणे सोपे असते. आपल्याकडे बाज दाराजवळ, वाऱ्याच्या वाटेवर घ्यावी, खिडकी उघडी टाकावी, निजायला ओसरी किंवा लिंबाची सावली वापरावी. सेवेला घरातले एकच माणूस नेमावे, त्याने आणि रोग्याने दोघांनी तोंडावर मास्क बांधावा, हात साबणाने धुवावे. कानाने मंद असलेल्या माणसाला मास्कमागचे बोलणे समजत नाही, ओठही दिसत नाहीत. त्याच्यापुढे सावकाश बोलावे. नाहीतर ‘माझ्याशी कोणी बोलत नाही’ हीच समजूत पक्की होते.

औषधाच्या बाबतीत एक आठवण करून द्यावीशी वाटते. लस आली तेव्हा, १ मार्च २०२१ पासून साठीपुढच्यांना ती मिळू लागली, आणि खेड्यांत पुष्कळ म्हाताऱ्यांनी नकार दिला. त्यांना घाबरट म्हणून हिणवणे योग्य नव्हते. ज्यांना सरकारी माणूस नेहमी काहीतरी काढून घेण्यासाठीच आलेला दिसला, त्यांचा संशय समजण्यासारखा होता. त्यांना पटते ते त्यांच्याच आयुष्यातले. ज्या रोगाला आपण ‘देवी’ म्हणत होतो, ज्याचे वण अजूनही काही जुन्या चेहऱ्यांवर आहेत, तो रोग नवसाने गेला नाही. लस टोचून टोचून १९७५ मध्ये तो भारतातून आणि १९८० पर्यंत जगातून नाहीसा झाला. हे त्यांना त्यांच्याच चेहऱ्यावरून समजावता येते. असे समजावणे आपल्याच माणसाने केले तर लवकर पोचते. आपल्या जिल्ह्यात तुळजापूर तालुक्यातील अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यातल्या साध्या बायांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले, ते याच जाणिवेतून.

आता अधिक अवघड प्रश्नाकडे येऊ. ‘वय झालेच होते’ हे वाक्य तुम्ही २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये किती वेळा ऐकले? दवाखान्यात खाट नाही, प्राणवायू नाही, अशा दिवसांत घरातच हिशोब मांडला गेला : तरुणाला आधी, म्हाताऱ्याचे जगून झाले. आणि आपल्यापैकी काहींनी त्याला धम्माचा आधार दिला. सर्व काही अनित्य आहे, जाणारा जाणारच! बंधूंनो, अनित्यतेचा असा अर्थ लावणे म्हणजे धम्माच्या नावावर कंजुषी करणे होय. अनित्यता ही शोकात बुडालेल्याला सावरण्यासाठी आहे. जिवंत माणसाचे औषध थांबवण्यासाठी नाही. ज्या तथागतांनी मरण अटळ आहे हे किसा गोतमीला समजावले, त्याच तथागतांनी जीवक वैद्याकडून औषध घेतले. ऐंशीव्या वर्षी, वैशालीजवळ बेलुव गावी शेवटच्या वर्षावासात त्यांना प्राणांतिक आजार झाला. आपले शरीर दोऱ्यांनी बांधून चालवलेल्या जुन्या गाड्यासारखे झाले आहे, असे ते आनंदाला म्हणाले. तरीही संघाचा निरोप घेतल्यावाचून जाणे योग्य नाही म्हणून त्यांनी निश्चयाने तो आजार आवरला. ऐंशी वर्षांच्या आयुष्यातले उरलेले महिने त्यांनी कवडीमोल मानले नाहीत.

खाट खरोखरच एक असेल आणि रोगी दोन असतील, तर कोणाला द्यावी हे डॉक्टरने रोगाची अवस्था पाहून ठरवावे. तो निर्णय क्रूर असू शकतो, पण अन्यायी असेलच असे नाही. अन्याय त्याच्या अगोदर होतो. म्हाताऱ्याला दवाखान्यापर्यंत नेण्याचीच तसदी न घेणे, गाडीभाड्याचा विचार करून दोन दिवस थांबणे, हा निवाडा कोणत्या डॉक्टरने दिलेला नसतो.

आपल्याला तर याचे अधिक भान हवे, आणि त्याला कारण आहे. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी सहावी श्राद्धपक्ष व पिंडदान न करण्याची आहे. ती घेताना आपण काय सोडले? मेल्यावर कावळ्याला घास ठेवून ऋण फिटल्याचे समाधान मिळवण्याची सोय सोडली. जिवंतपणी हेळसांड आणि मेल्यावर तेरा दिवस थाट, हा मार्ग इतरांना उघडा असेल. आपला बंद आहे. सिगालाला गृहस्थधर्म सांगताना तथागतांनी मुलाच्या कर्तव्यांत पहिले ठेवले ते हेच की, ज्यांनी मला पोसले त्यांना मी पोसीन. हे देणे आईबापांच्या हयातीतच देता येते.

मात्र सेवा म्हणजे म्हाताऱ्यांना गाठोड्यासारखे जपून ठेवणे नव्हे. सावित्रीबाई फुले १८९७ च्या प्लेगमध्ये रोग्यांना मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात पोचवीत होत्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. त्या वेळी त्यांचे वय ६६ होते. आजच्या सूचनेप्रमाणे त्यांना आपण घरात बसवले असते! त्यांनी धोका ओळखून तो पत्करला होता. म्हणून म्हणतो, म्हाताऱ्या माणसाला विचारा. विहारात जायचे की नाही, दवाखान्यात नेल्यास कोणी सोबत असावे, फार झाले तर शेवटचे दिवस घरी काढायचे का, हे साथ येण्याअगोदर, शुद्ध शाबूत असताना त्यांच्याशी बोलून घ्या. कारण सांगितले तर ते समजून घेतात. १४ एप्रिल २०२० ची भीमजयंती आपण सर्वांनी घराघरांत केली, त्या वर्षी दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवरही गर्दी झाली नाही. ज्यांनी आयुष्यभर एकही ६ डिसेंबर चुकवला नव्हता, ते वृद्धही थांबले. कोणी त्यांना कोंडले नव्हते.

श्रावणबाळ योजनेचा पगार (नाव पुराणातले असले तरी पैसा जनतेचा आहे, बिनसंकोच घ्या) आणावयास टाळेबंदीत म्हातारी माणसे बँकेच्या दारात रांगेत उभी होती. तो पैसा घरात आल्यावर कोणाच्या हाती जातो, याकडेही वस्तीतल्या जाणत्यांनी पाहावे. जी मुले पाहतच नाहीत, त्यांच्यासाठी २००७ चा कायदा आहे. उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, वकील लागत नाही. वृद्धांसाठी १४५६७ हा फोन क्रमांकही आहे. कायद्यापर्यंत पाळी यावी ही लाजेची गोष्ट, पण उपासमारीपेक्षा अर्ज बरा.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. पुढची साथ कोणत्या नावाने येईल, हे कोणी सांगू शकत नाही. पण ती आली तर पुन्हा आधी याच वयाच्या माणसांना गाठेल, आणि आपल्या जिल्ह्यात ही माणसे कोण आहेत ते ध्यानात घ्या. फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेब कसबे तडवळ्याला महार-मांग परिषदेसाठी आले होते. तेव्हा बापाच्या खांद्यावरून ती परिषद पाहिलेले पोर २०२० साली ऐंशी ओलांडून गेलेले होते. १९५६ मध्ये विशीत असलेला तरुण चौऱ्याऐंशीचा होता. देव्हारे कसे उतरवले, गावाने बहिष्कार घातला तेव्हा काय खाल्ले, पहिले त्रिसरण कोणाकडून शिकलो, हे यांच्यापैकी फार थोड्यांनी लिहिले आहे.

तेव्हा पुढे कधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला चौदा दिवस बाजूला ठेवण्याची वेळ आली, तर ताट सरकवून निघून जाऊ नका. उंबऱ्याच्या अलीकडे, चार हातांवर, तोंडाला मास्क बांधून बसा. किती दिवस आणि कशासाठी, हे आधी सांगा. रोज किती उरले तेही सांगा. आणि शाळेत जाणाऱ्या नातीच्या हाती वही देऊन आजीला विचारावयास लावा की, ‘आज्जी, आपल्या घरातून देव निघाले तो दिवस कसा होता?’ आजी दमेल तेव्हा थांबावे, पाणी द्यावे, आणि उद्या पुढचे विचारावे.